‘सायलेन्सरवाली रायफल, कागदपत्रांशिवाय घरपोच’: कायोटीच्या भीतीवर चाललेली लूट

२०१८ च्या अखेरीस टेक्सासमधल्या फ्रिस्कोत कायोटींनी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातल्या जनावरांनी, माणसांवर हल्ले केले. डॅलसच्या उत्तरेच्या या पट्ट्यात आज भरपूर मराठी घरं आहेत. मागच्या अंगणात, कुंपणाशी, आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोराड असं ते जनावर पहाटे उभं दिसलं आणि घरात लहान मूल किंवा छोटा कुत्रा असेल, तर पोटात गोळा येणारच. मग रात्री फोनवर शोध सुरू होतो: शेजाऱ्यांना ऐकू न जाणारी रायफल कुठे मिळेल? भामटे नेमकी याच शोधाची वाट पाहत असतात.

जाहिरातीत सायलेन्सर बसवलेली रायफल निम्म्याहून कमी किमतीत असते. खाली तीन ओळी: परवाना लागत नाही, पार्श्वभूमी तपासणी नाही, घरपोच. क्रेडिट कार्डाचा पर्याय ‘तांत्रिक अडचणीमुळे’ बंद असतो, आणि पैसे झेल (Zelle) किंवा कॅश अ‍ॅप या पैसे पाठवायच्या सेवांनी किंवा क्रिप्टोने मागितले जातात. इथेच थांबायचं. अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून मागवलेली रायफल सरळ तुमच्या दारात येत नाही. ती तुमच्या भागातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे, म्हणजे एफएफएलकडे येते. तिथे तुम्ही ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरता, तपासणी होते आणि मगच ती हातात पडते. सायलेन्सरला तर १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागू आहे: बोटांचे ठसे, फोटो, नोंदणी, आणि मंजुरी आल्याशिवाय ताबा नाही.

यातली एक गोष्ट मात्र लोकांना चकवते. मंजुरी मिळाल्यावर काही खरे विक्रेते सायलेन्सर कायदेशीरपणे घरपोच पाठवतात, आणि एअरगन, म्हणजे हवेच्या जोरावर छरे मारणारी बंदूक, तर बऱ्याच राज्यांत थेट घरी येते. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. त्यामुळे ‘आता काही लागत नाही’ ही थाप पचते. गेला तो फक्त कर. नोंदणी आणि तपासणी जशीच्या तशी आहे. नुसत्या ‘घरपोच’ या शब्दावरून खरं-खोटं ठरवू नका, ‘कागदपत्रांशिवाय’ हा शब्द धरा.

गिऱ्हाईक कचरतंय असं वाटलं की भामटा बंदूक-विक्रीच्या परवान्याची प्रत ईमेलने पाठवतो. ती प्रत बहुधा खरीच असते, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानाची. पडताळणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. एटीएफच्या, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, संकेतस्थळावर ‘एफएफएल ईझी चेक’ आहे. परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की नाव, पत्ता आणि मुदत दिसते. पण एवढ्यावर समाधान मानलं तर फसाल, कारण चोरलेली प्रतही या तपासणीत खरीच निघते. पुढची पायरी महत्त्वाची: त्या दुकानाचा फोन नंबर जाहिरातीतून किंवा ईमेलमधून न घेता स्वतः शोधा, फोन लावा आणि विचारा, ‘ही वेबसाइट तुमची आहे का?’ वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं तेही पाहून घ्या. ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणारं दुकान दोन महिन्यांपूर्वी जन्माला आलेलं असेल, तर आणखी पुरावा कशाला हवा?

पैसे गेले की दुसरा अंक सुरू होतो. कुरिअरच्या नावाने मेल येतो: पार्सल अडकलंय, ‘परत मिळणारा’ विमा भरा. तो भरला की आणखी एक शुल्क निघतं. आणि गिऱ्हाईक ‘माझे पैसे परत द्या’ म्हणालं की धमकी येते: तुम्ही बेकायदा सायलेन्सर मागवलात, केस दाखल होतेय, दंड भरून मिटवा.

ही धमकी आपल्या लोकांना फार लागते, कारण तिच्यात खऱ्याचा अंश आहे. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. सहकाऱ्याकडे रायफल आहे म्हणून आपणही घेऊ, असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना हा नियम ठाऊकच नसतो. मग नोकरी आणि व्हिसा डोळ्यांसमोर नाचतात आणि माणूस गुपचूप पैसे भरत राहतो. दंड झेलने, गिफ्ट कार्डाने किंवा क्रिप्टोने भरा, असं कोणताही केंद्रीय अधिकारी सांगत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीत माल खरोखर येतो, आणि तीच जास्त घातक. ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ किंवा ‘फ्युएल फिल्टर’ या नावाने नळकांड्यासारखा स्वस्त संच विकला जातो. बंदुकीची नळी साफ करताना सांडणारं द्रावण गोळा करायला, असं वर लिहिलेलं असतं, पण फोटो आणि अभिप्राय सगळे आवाज दाबण्याबद्दल. असा संच एटीएफच्या लेखी नोंदणी नसलेला सायलेन्सर ठरू शकतो, आणि नोंदणीशिवाय सायलेन्सर बाळगण्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद. ‘आधी घ्या, नंतर फॉर्म १ (स्वतः सायलेन्सर बनवण्याच्या मंजुरीचा अर्ज) भरा’ हा विक्रेत्याचा सल्लाही पोकळ आहे. २०२२ च्या सुरुवातीला असे संच वापरून केलेले बरेच अर्ज एटीएफने फेटाळले. एअरगनच्या नळीवर फिरवून बसवायच्या सुट्या मॉडरेटरचंही, म्हणजे आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचंही, तेच: तो खऱ्या बंदुकीवर बसत असेल तर त्याला सायलेन्सरचेच नियम लागू शकतात.

तिसरी लबाडी आकड्यांची. ती कायद्यात बसते, म्हणून तिच्याबद्दल कुणी ओरडत नाही. एअरगनच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत वेग असतो, समजा ‘.२२, १,१०० फूट प्रति सेकंद’ (.२२ हे नळीच्या भोकाचं माप, इंचात). तो मोजलेला असतो हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर. रोजच्या वापरातला १४.३ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) शिशाचा छरा त्याच स्प्रिंगच्या बंदुकीतून साधारण ८०० ने निघतो. हिशोब घरीच करा: छऱ्याचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. छऱ्याची ताकद येते जेमतेम २० फूट-पाउंड. एवढ्यावर खार मरते. दहा-पंधरा किलोचा कायोटी नुसता जखमी होतो, झुडपात शिरतो आणि दिवसेंदिवस तडफडतो. हे पाप कुणाच्याही हातून होऊ नये.

दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलींत .२५ चा २५.४ ग्रेनचा छरा ९०० ने गेला तर सुमारे ४६ फूट-पाउंड, .३० चा ४४.७५ ग्रेनचा ८७० ने गेला तर ७५, आणि .३५७ चा ८१ ग्रेनचा ८५० ने गेला तर १३०. आमच्या मते कायोटीसाठी .३० च्या खाली विचारच करू नये. जाहिरातीत रायफलीचीच किंमत असते. ३,००० ते ४,५०० पीएसआय दाबाची हवा भरायला लागणारा पंप किंवा टाकी वेगळी, आणि तो खर्च रायफल घरी आल्यावर कळतो.

‘शांत’ या शब्दाची फोडही करून घ्या. बंदुकीचा आवाज दोन जागी होतो. एक नळीच्या तोंडाशी, जो सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी करतो. दुसरा गोळी ध्वनीच्या वेगापुढे, म्हणजे २० अंश सेल्सिअसला सुमारे १,१२५ फूट प्रति सेकंदाच्या पुढे, गेल्यावर हवेत होणारा कडाका. त्याला कोणताही सायलेन्सर रोखत नाही. सुमारे १६५ डेसिबलने वाजणारी .२२३ ची रायफल सायलेन्सर लावून १३५ च्या आसपास येते. कान वाचतात, पण शेजारी उठतोच. जाहिरातीतला ‘खोकल्याएवढा आवाज’ दाखवणारा व्हिडिओ फोनवर काढलेला असतो. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे सायलेन्सर असो-नसो, दोन्ही बार सारखेच ऐकू येतात. फोनवरचं डेसिबल अ‍ॅपही इथे कुचकामी, काही मिलिसेकंदांचा धक्का त्याला पकडताच येत नाही.

खरोखर हळू वाजणारं काडतूस म्हणजे ४० ग्रेनची, ७१० फूट वेगाची .२२. तिची ताकद ४५ फूट-पाउंड, आणि अर्धस्वयंचलित रायफलीत ती पुढचं काडतूस नीट भरत नाही, दर बारानंतर हाताने काडतूस भरायची बोल्ट अ‍ॅक्शनच लागते. ‘.३०० ब्लॅकआउट’ या काडतुसाची २२० ग्रेनची गोळी १,००० फुटांनी जाऊन सुमारे ४९० फूट-पाउंड देते, म्हणून विक्रेते तीच पुढे करतात. पण चुकून ते काडतूस .२२३ च्या रायफलीत भरलं गेलं तर रायफल हातात फुटू शकते. दोन्ही घरात असतील तर मॅगझिनवर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावणं अनिवार्य समजा. आणि हळू गोळी जवळच पडते या भ्रमात राहू नका. साधी .२२ सुद्धा दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि कडक जमिनीवरून उसळी घेते.

हे सगळं जमलं तरी बार कुठे काढणार? बहुतेक शहरांच्या हद्दीत गोळी झाडायला मनाई असते, काही ठिकाणी एअरगनलाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी घरापासून १५० यार्डांचं अंतर लागतं. न्यू जर्सीत साधी एअर रायफलही कायद्याने बंदूक ठरते, तिला ओळखपत्र लागतं. सायलेन्सर तर या दोन्ही राज्यांत, आणि न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्समध्येही, सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. विक्रेता यातलं काही सांगत नाही, पार्सल मात्र तुमच्या नावावर येतं. पैसे टाकण्याआधी शहराच्या अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करा. कुत्र्याचं खाणं आणि पडलेली फळं उचलून घेणं, सहा फुटी कुंपणावर फिरता रोलर बसवणं आणि कायोटी दिसताच ओरडून, डबे वाजवून त्याला पळवणं, हे ते सांगतील. धीट झालेल्या जनावराचा बंदोबस्तही त्यांच्याच माणसांकडे असतो.

पैसे गेलेच असतील तर आजच बँकेला फोन लावा. क्रेडिट कार्ड असेल तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद नोंदवता येतो. झेलचे पैसे स्वतः पाठवलेले असल्याने परत मिळणं अवघड, तरी तक्रार कराच. जाहिरात, ईमेल, परवान्याची प्रत, पैसे पाठवल्याची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, भामट्याचे मेल पुसू नका, आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवा. ज्याची परवान्याची प्रत चोरली त्या दुकानालाही कळवा. धमकीच्या मेलला उत्तर देऊ नका. व्हिसावर असाल तर पुढचा एकही शब्द लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. आणि नळकांड्याचं पार्सल घरात येऊन पडलं असेल तर ते जोडू नका, विकू नका, कुणाला देऊ नका. आधी बंदूक कायद्याच्या वकिलाला गाठा.