केबलवरचा रेशो बॉक्स: जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरसाठी योग्य उपाय

माझ्या एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मूळचा ५.१२५ गुणोत्तराचा क्राउन-पिनियन (इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) काढून एमजीए या नंतरच्या मॉडेलचा ४.३ गुणोत्तराचा बसवला, तेव्हा इंजिनाची धाप कमी झाली आणि लांबचा प्रवास सुसह्य झाला. मात्र टीडीमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने फिरते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) जितका कमी फिरेल, तितकीच केबलही कमी फिरणार. ४.३ ला ५.१२५ ने भागले की ०.८३९ येते, म्हणजे गाडी ताशी ६० मैलांनी धावत असताना काटा ५० च्या जेमतेम पुढे उभा. काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवत असेल तर निदान धोका नसतो, पण कमी दाखवणारा मीटर चालकाला थेट फसवतो. नव्या गाड्यांसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये अशी स्पष्ट अट आहे, ती याच कारणाने. जुन्या गाडीला तो नियम लागू नसला तरी त्यामागचा विचार लागू आहेच.

या दुखण्यावर मी केबल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा, मागणीनुसार बनवून मिळणारा रेशो बॉक्स निवडला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी ही धातूची डबी असते. एका बाजूने ती गिअरबॉक्सवरच्या आट्यांवर बसते, दुसऱ्या बाजूला केबलचे मूळ नट बसते आणि आतली दातेरी चाके फेऱ्यांची संख्या ठरलेल्या प्रमाणात वाढवतात किंवा कमी करतात. सहा महिने वापरल्यावर मी तो निःशंकपणे सुचवतो, मात्र मागणी नोंदवण्यापूर्वीची मोजणी स्वतः करण्याची तयारी हवी.

हाच उपाय का, हे समजण्यासाठी मीटरच्या आत काय चालते ते पाहावे लागते. जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावर चालणाऱ्या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, त्या चुंबकामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत विजेचे भोवरा-प्रवाह निर्माण होतात, वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. या रस्सीखेचीत काटा जिथे थांबतो तो वेग. मैल मोजणारा ओडोमीटर मात्र त्याच केबलवर निव्वळ दात्यांनी चालतो, त्याचा चुंबकाशी काहीही संबंध नाही. म्हणूनच चुंबकाची ताकद किंवा स्प्रिंगचा ताण बदलून काटा जागेवर आणता येतो, पण मैलांचा हिशोब चुकलेलाच राहतो. मीटर दुरुस्त करणारे निष्णात कारागीर आतली दातेरी चाकेही बदलून देतात आणि ते काम उत्तम होते, परंतु पुढे पुन्हा टायरचे माप किंवा अ‍ॅक्सल बदलला की मीटर परत उघडावा लागतो. केबलच्या फेऱ्याच दुरुस्त केल्या की काटा आणि आकडे दोन्ही एकदम खरे होतात, आणि मूळ मीटरला हातही लागत नाही. उपग्रहावर चालणारे मीटर अचूक असतात, पण बोगद्यात संपर्क तुटतो. शिवाय जुन्या तबकडीच्या जागी ते ठेवणे मला मान्य नाही.

मोजणीची रीत सोपी आहे. मीटरच्या मागून केबल सोडवायची, तिच्या आतल्या तारेच्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावायचा, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवायची आणि गाडी न्यूट्रलमध्ये सरळ रेषेत १६.०९ मीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, ढकलायची. एकाने ढकलायचे आणि दुसऱ्याने झेंड्याच्या फेऱ्या मोजायच्या, अगदी पाव फेरीपर्यंत. आलेल्या आकड्याला १०० ने गुणले की एका मैलातल्या फेऱ्या मिळतात. मीटरला एका मैलात किती फेऱ्या हव्यात तो आकडा बहुधा तबकडीवरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. समजा तिथे १००० आहे आणि मोजणीत ८४० आले, तर १००० भागिले ८४० म्हणजे सुमारे १.१९ गुणोत्तराचा बॉक्स हवा. मी हे सहा वेळा केले आणि सरासरी काढली, कारण एका मोजणीत पाव फेरीची चूक झाली तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलते. अ‍ॅक्सलच्या आकड्यांवरून येणारे उत्तर १.१९२ होते आणि माझी सरासरी त्याला अगदी लागून आली. टायर मूळ मापाचे नसतील तर नुसत्या कागदी हिशोबावर विसंबू नये.

पहिल्या बॉक्सने निराशा केली. गुणोत्तर बरोबर होते, पण आत दोनच चाके होती, आणि एकमेकांत गुंतलेली दोन चाके नेहमी उलट दिशांना फिरतात. गाडी पुढे निघाली आणि काटा शून्याखालच्या खुंटीला टेकून थरथरत राहिला. फिरण्याची दिशा मी मागणीपत्रात लिहिली होती, ती बनवणाऱ्याने वाचली नव्हती. बदलून आलेल्या बॉक्सचे झाकण मी बसवण्याआधीच उघडून पाहिले: ३१ दात्यांचे चाक, २६ दात्यांचे चाक आणि दोहोंच्या मध्ये एक तिसरे. या मधल्या चाकाने गुणोत्तर बदलत नाही, फक्त दिशा पूर्ववत होते. ३१ भागिले २६ म्हणजे १.१९२३, हवे होते १.१९१९. यापेक्षा जवळचे उत्तर मागण्यात अर्थ नाही. दात स्वच्छ कापलेले होते आणि चाके चिमटीत धरून हलवली तर खेळ जाणवत नव्हता.

बसवताना एक अडचण आली. बॉक्समुळे जोडणी काही सेंटिमीटर बाहेर येते, केबलला लगेच तीव्र वळण घ्यावे लागते आणि ती आत अडखळत फिरते. माझा काटा ४० आणि ५० च्या दरम्यान नाचू लागला. थोडी लांब केबल घेऊन वळण सैल केले, आतल्या तारेला पातळसे ग्रीस लावले, तेव्हा तो स्थिर झाला. मीटरजवळच्या टोकाला ग्रीस लावायचे नाही, कारण ते वर चढून वाटीत शिरते आणि काटा चिकटतो.

सपाट रस्त्यावर उपग्रहाच्या वेगाशी ताडून पाहिले तेव्हा ३० ला ३१, ५० ला ५१ आणि ६० ला ६१ असे आकडे मिळाले, आणि २० मैलांच्या फेरीत ओडोमीटर १९.९ वर थांबला. काट्याचा उरलेला एक मैल मी तसाच ठेवला आहे. अ‍ॅक्सल बदलल्यापासून बॉक्स बसेपर्यंत मीटरने ६७१ मैल मोजले होते. गाडीच्या नोंदवहीत मी तिथे ८०० लिहिले आहेत आणि पुढची तेलबदली त्याच आकड्यापासून धरली आहे.