सिव्हिलची मनोविकार ओपीडी आणि तालुक्यातली महिन्याची फेरी : सेवा कशी आहे, सोबत काय न्यावं

नाशिकमध्ये ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की लोकांना कॉलेज रोड, गंगापूर रोडवरचे खासगी दवाखाने आठवतात. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. त्याचं पथक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत फेरीवरही जातं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आधी निकाल सांगून टाकायचा, तर स्किझोफ्रेनिया (भास, संशय), बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य), उलटून येणारं नैराश्य अशा वर्षानुवर्षं गोळी लागणाऱ्या आजारांसाठी ही सेवा मनापासून सुचवावी अशी आहे. दर आठवड्याला पाऊण तास बसून बोलायची थेरपी हवी असेल, तर एवढ्या गर्दीत ती मिळणं अवघड.

फेरीवरच्या मनोविकारतज्ज्ञाचं काम समजून घेतलं की सेवेकडून काय मागायचं ते कळतं. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक आणि एमडीची तीन वर्षं, एवढं शिक्षण. महाराष्ट्रात या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. पण वॉर्डात शिकलेलं फेरीवर पुरत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. त्यानंतर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांचे डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून तयार केले. नेहमीचे मनोविकार गावाजवळ सांभाळता येतात हे तिथे दिसलं आणि १९९६ पासून त्याच धर्तीवर जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. म्हणून या डॉक्टरचं निम्मं काम तपासणीचं, तर निम्मं शिकवण्याचं. प्राथमिक केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला गोळ्यांचे डोस समजावायचे, आशाताईंना लक्षणं ओळखायला शिकवायचं. सोबत मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असणं अपेक्षित आहे. यातली पदं भरलेली असली की सेवा एकदम वेगळी वाटते, कारण डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात आणि घरच्यांशी नीट बोलतो तो सामाजिक कार्यकर्ता.

पहिल्या भेटीला अर्धा दिवस हाताशी ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. ‘पांढरी गोल गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. रुग्णाबरोबर त्याच घरात राहणारं माणूस हवं. झोप किती वाजता लागते, एकट्याने पुटपुटतो का, कामाला जातो का, मरणाचं बोलतो का, याची उत्तरं गाडीभाडं काढून आलेल्या लांबच्या मामांना देता येत नाहीत. भगताकडे किंवा वणीच्या गडावर जाऊन आला असाल तर तेही सांगा. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही, ‘तिकडे जा, पण गोळी चुकवू नका’ एवढंच म्हणतो.

डॉक्टर चांगला आहे हे ओळखायची एक साधी खूण आहे. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल (भास-संशय कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असलेल्या रुग्णाचा कोपर तो एका हातात धरतो, दुसऱ्या हाताने मनगट धरून हात सावकाश वाकवतो आणि सरळ करतो. गोळीने ताठरपणा आला असेल तर हात दातेरी चाकासारखा अडकत अडकत सरकतो. मग डोस कमी होतो किंवा जोडीला ताठरपणा घालवणारी ट्रायहेक्सिफेनिडिल मिळते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. ती राहून गेली तर रुग्ण गावात काठीसारखा चालतो, तोंडातून लाळ गळते, लोक ‘गोळीनेच वेडा झाला’ म्हणतात आणि गोळी बंद होते. ओलान्झापिन या त्याच गटातल्या गोळीवर असाल तर वजन आणि साखर तपासायला सांगा. बाईमाणसाची पाळी रिस्पेरिडोनवर लांबली तर लाजून गप्प बसू नका. मूल हवं असेल आणि बायपोलरसाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर ते आधीच सांगायला हवं, कारण या गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं.

सेवेची खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात होते. पहिल्या महिन्यात झोप लागते, दुसऱ्यात माणूस कामाला लागतो आणि तिसऱ्यात ‘बरा झाला’ म्हणून कुणी फेरीला येत नाही. नैराश्याची गोळी लागू पडायलाच दोन ते चार आठवडे जातात. पहिल्यांदाच आजार झाला असेल, तरी बरं वाटल्यावर आणखी सहा ते नऊ महिने ती घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. सुरगाणा, पेठकडची माणसं द्राक्षाच्या कामाला निफाड, दिंडोरीत उतरतात, तेव्हा केसपेपर घरी राहतो आणि औषध सुटतं. निघायच्या आधीच्या फेरीत दोन महिन्यांची औषधं मागा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. म्हणजे निफाडला दाखवताना पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. गोळ्या रोज घेणं जमतच नसेल, तर दोन ते चार आठवड्यांनी कमरेत घ्यायच्या फ्लुफेनाझिनच्या सुईबद्दल विचारा.

लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये मनःस्थिती स्थिर ठेवणारी गोळी, घेणाऱ्यांनी जरा जास्त जपावं. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी पाहतात. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर. एसटीच्या घाईत गोळी घेऊन निघालात तर आकडा चुकीचा येतो. चैत्रात उन्हातून वणीला पायी जाणं, निर्जळी उपवास, जुलाब, अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, या सगळ्यांनी पातळी वर जाते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या सुरू झाल्या तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. अशा फेऱ्यांत एखादी गोळी संपलेली असते आणि बाहेरून आणा म्हणतात. तेव्हा साठ्यात तिच्या जागी कोणती चालेल, हे डॉक्टरकडून लिहून घ्या, खिडकीवर स्वतः बदलू नका. करारावरचे डॉक्टर बदलतात, म्हणून कागद घरी नीट ठेवा. सगळ्यात खटकतं ते उघड्या दारात, रांगेसमोर रुग्णाला प्रश्न विचारणं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. ‘दार लावून बोलू या का?’ असं विचारायला अजिबात संकोचू नका.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींवर गुण देतात. सवलतींसाठी साधारण ४० टक्के लागतात. त्या दिवशी रुग्णाला नटवून नेऊ नका आणि ‘सगळं करतो तो’ म्हणून झाकूही नका.

फेरी महिन्यातून एकदाच असते आणि संकट कधीही येतं. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर रात्रीही मिळते, फोन मोफत आहे. घरात कुणी मरणाचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि बागेच्या फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात टाका, किल्ली शेजाऱ्याकडे द्या. जिवाला धोका दिसत असेल तर फेरीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.