कयाकवर रॉड होल्डर: कोणता घ्यावा, कुठे बसवावा? मराठवाड्यातल्या धरणांपुरता विचार

होल्डर विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा. वल्हं मारताना रॉड नुसता ठेवायला जागा हवी आहे, की रॉड होल्डरमध्येच ठेवून मासा लागायची वाट बघायची आहे? दुकानदार दोन्हीसाठी एकच वस्तू दाखवतो, पण कामं वेगळी आहेत.

मरळीच्या मागे असणाऱ्याचा रॉड बहुतेक वेळ हातातच असतो. पाणवनस्पतीच्या कडेने बेडूक-ल्यूर, म्हणजे बेडकासारखं दिसणारं नकली आमिष, टाकायचं, ओढायचं, परत टाकायचं. त्याला होल्डर लागतो तो जागा बदलताना आणि दुसरा रॉड ठेवायला. रोहू-कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड नाहीतर कणकेचा गोळा लावून नांगर टाकून बसणाऱ्याचं तसं नाही. त्याचा रॉड तासन् तास होल्डरमध्येच असतो आणि त्याचं टोक सतत डोळ्यांसमोर हवं, कारण कटल्याची चाहूल अगदी हलकी असते.

फ्लश माउंट म्हणजे कयाकच्या अंगात तिरपी बसवलेली नळी. वरून नुसतं तिचं तोंड दिसतं. बऱ्याच सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायच्या, कयाकमध्ये बैठकीच्या मागे अशा दोन नळ्या कारखान्यातूनच येतात. असतील तर जरूर वापरा. बाहेर काही येत नाही, त्यामुळे छोट्या टेम्पोत कयाक चढवता-उतरवताना काही मोडत नाही आणि जाळ्यातही काही अडकत नाही. पण नळ्या नसतील तर त्यासाठी नवीन भोक पाडा असं मी सांगणार नाही. साधारण पाच सेंटिमीटरचं भोक, तेही पाठीमागे, आणि कोन कायमचा ठरलेला. रॉड काढायला कंबरेतून पूर्ण मागे वळावं लागतं, आणि अरुंद कयाक कलंडते ती अशाच वळण्यात. पाडायचंच असेल तर तळ बंद असलेली नळीच घ्या आणि आत तेवढी खोली आहे का ते आधी हात घालून बघा. उघड्या तळाच्या नळीतून पाणी थेट पोटात जातं.

वळवता येणारा होल्डर वेगळा. पृष्ठभागावर एक बैठक स्क्रूने बसते आणि तिच्यात होल्डर अडकतो. दिशा बदलता येते, उतार बदलता येतो, काम झालं की काढून पिशवीत टाकता येतो. कॅनडाची स्कॉटी, अमेरिकेची रॅम आणि न्यूझीलंडची रेलब्लेझा ही यातली माहितीतली नावं. प्रत्येकाची बैठक वेगळी असते, म्हणून सुरुवातीलाच एक घराणं निवडा आणि पुढचं सामान त्याचंच घ्या. स्कॉटीसारख्या बैठकीत दातेरी खुंटी असते. ती एका कोनात बसली की तिथेच राहते. रॅमचा रबरी गोळा कुठेही वळतो, पण तो घट्ट राहतो तो फक्त आवळण्याच्या जोरावर. मोठ्या माशाच्या हिसक्याला मला दातेऱ्यांचा भरवसा जास्त वाटतो.

त्यातही बंद नळी की उघडा पाळणा? नळीत रॉड सुरक्षित राहतो, पण घाईत सरळ उपसावा लागतो. पाळण्यातून तो वरच्या वर उचलता येतो. तुमचं रीळ स्पिनिंगचं असेल, म्हणजे रॉडच्या खाली लोंबणारं, तर नळीला पुढे खाच असलीच पाहिजे, नाहीतर रॉड अर्धाच आत जातो. दुकानात जाताना आपला रॉड बरोबर न्या आणि बसवून बघा.

ट्रॅक ही माझी आवडती सोय. ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी एकदाच बसवायची, आणि टी-आकाराच्या बोल्टवर होल्डर मागे-पुढे सरकवायचा. जागा चुकली तरी नवीन भोक पाडावं लागत नाही, आणि ओढ चार-सहा स्क्रूंमध्ये वाटली जाते. मासेमारीच्या पुष्कळ कयाकवर हा ट्रॅक मुळातच असतो. खर्च मात्र सगळ्यांत जास्त.

सगळ्यांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे दुधाचा क्रेट. बैठकीमागच्या खोलगट जागेत क्रेट ठेवा, त्याला पीव्हीसी पाईपचे तुकडे केबल टायने वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बांधा, आणि क्रेट बंजी दोरीने कयाकला जखडा. ५० मिमीच्या पाईपमध्ये बहुतेक मुठी सहज बसतात. ४० मिमीचा जाड मुठीला आवळ होतो. कडा कानसने घासून घ्या. एकही भोक न पाडता दोन-तीन रॉड मावतात. मासा लागायची वाट बघण्यासाठी मात्र क्रेट कामाचा नाही, कारण तो पाठीमागे असतो आणि हिसक्याने हलतो. उभे रॉड बाभळीच्या फांद्यांत अडकतात, तेव्हा पाईप मागच्या बाजूला थोडे झुकवून बांधा.

आता आपल्याकडचा मुद्दा, जो परदेशी व्हिडिओंत सापडत नाही. येलदरी असो, माजलगाव असो की मांजरा, पाणी उतरू लागलं की बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. धरणांत मासेमारीचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात आणि त्यांची जाळी पाण्यात पसरलेली असतात. खूण म्हणून वर प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगतात. अशा पाण्यात होल्डरमधला रॉड आणि चालती कयाक ही जोडी धोक्याची. गळ खोडात नाहीतर जाळ्यात अडकला, वारा कयाकला ढकलतोय आणि रीळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटताना त्याला अडवणारा ब्रेक, आवळलेला, अशा वेळी सगळी ओढ होल्डरवर येते. ती बाजूने आली तर कयाक कलंडते, पुढच्या टोकाकडून आली तर नुसती वळते. म्हणून वाट बघण्याचा होल्डर गुडघ्यांच्या पुढे हवा, बाजूच्या काठावर नको. रॉड ठेवताना ड्रॅग सैल करायचा. सुरी लाईफ जॅकेटला अडकवलेली असावी, आणि कापायचा तो आपला तंगूस. जाळं कापायचं नाही, ते कुणाचं तरी पोट आहे. पाण्यात उतरण्याआधी संस्थेला विचारा. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय कयाक घालूच नका.

जागा ठरवायला ड्रिल मशीन लागत नाही. कयाक अंगणात ठेवा, लाईफ जॅकेट घालून आत बसा आणि पूर्ण हात फिरवून वल्हं मारा. होल्डर कागदी चिकटपट्टीने तात्पुरता चिकटवा. वल्ह्याचं पातं रॉडला लागतं का, रीळाची मूठ फिरताना गुडघ्यावर आपटते का, पाठ न उचलता रॉड हातात येतो का, हे बघा. दोन फेऱ्या पाण्यात मारून मगच खूण पक्की करा.

प्लॅस्टिकच्या कयाक बहुतेक रोटोमोल्डिंगने बनतात, म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी बनते तशाच. या पॉलिथिलीनला एपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद धरत नाही, म्हणून सगळी मदार बोल्टवर. आत हात पोचत असेल तर स्टेनलेसचा बोल्ट, रुंद वायसर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, धक्क्याने न सुटणारा नट. आतून प्लॅस्टिकची एखादी जाड पट्टी लावली तर आणखी चांगलं. हात पोचत नसेल तर वेल नट. ही रबराची छोटी बाही असते आणि तिच्या टोकाला आत पितळेचा नट. भोकात बसवून वरून स्क्रू आवळला की नट वर खेचला जातो, रबर आतल्या बाजूला फुगतं आणि भोक धरून ठेवतं, पाणीही अडवतं. हलक्या होल्डरला हे पुरतं, मोठ्या ओढीला बोल्टच हवा. नुसते सेल्फ-टॅपिंग स्क्रू नकोत. पाचेक मिलिमीटरच्या प्लॅस्टिकमध्ये ते धक्क्याने सुटतात. होल्डरच्या बैठकीखाली पाणी अडवायला रबरी गॅस्केट ठेवा.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेबही धरा. चाळिशीच्या पुढच्या उन्हात पॉलिथिलीन मऊ पडतं, आवळलेला स्क्रू त्यात रुततो आणि नंतर सैल होतो. कयाक सावलीत ठेवा आणि पाण्यात उतरण्याआधी स्क्रू तपासा.

हवा भरून फुगवायची कयाक असेल तर भोकाचा प्रश्नच नाही. तिच्यावर पीव्हीसीची चिकटवायची बैठक मिळते. तीही ओढीपेक्षा ठेवण्यासाठीच बरी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं: पहिला हंगाम क्रेटवर काढा. मरळच धरायची असेल तर पुढेही क्रेट पुरेल. रोहू-कटल्याला बसायचं असेल तर पुढे उजवीकडे किंवा डावीकडे, ज्या हाताने रॉड उचलता त्या बाजूला, एक छोटा ट्रॅक आणि त्यावर दातेरी खुंटीचा एकच उघडा पाळणा. बसवून झाल्यावर कयाक काठाजवळच्या उथळ पाण्यात अर्धा तास चालवा, मग बाहेर काढून ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायचं बूच, उघडा. आत पाणी आलेलं असेल तर गॅस्केट पुन्हा बसवल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका.