रबरी कडीची सेफ्टी रिकीब: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझी घोडी बानू ओट्याजवळ शांत उभी होती. मी पाय टाकायच्या आधी उजव्या रिकिबीचं, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीचं, रबर नुसतं चाचपलं आणि ते हातात आलं. ताणून तुटलं असतं तर समजले असते. आकड्याजवळ बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा, आणि बोट लागताच दोन तुकडे. त्या दिवशी बसले नाही. खोगीर उतरवलं, घोडी बांधली आणि घरात येऊन विकणाऱ्याला पहिला मेल केला. अनुभव लिहायला मी तिथूनच सुरुवात करते, कारण या रिकिबीत बाकी बिघडण्यासारखं काही नाही. जे काही आहे ते त्या रबरात.

ज्यांनी ही पाहिली आहे त्यांना रचना माहीत आहे. आतली दांडी पोलादी, बाहेरच्या बाजूला दांडीऐवजी जाड रबराची कडी, वर आकड्यात अडकवलेली, खाली चामड्याच्या जिभेनं धरलेली. स्वार पडला आणि पाय अडकून ओढ बसली की कडी आकड्यातून सुटते. रबर कायम बाहेरच्या अंगाला हवं, म्हणून डावी उजवी वेगळी असते. जोडी मला कुरिअरसकट 1,850 रुपयांना पडली.

घेतली कशासाठी, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याजवळचे. आमच्याकडे आता घोडा म्हटलं की लोकांना वरात आठवते, नाहीतर माळेगावची यात्रा. बानू तिथलीच. अण्णांनी चार वर्षांपूर्वी खंडोबाच्या यात्रेतून आणलेली काठेवाडी घोडी, कुमैत रंगाची, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. मी लहानपणापासून बसते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, बांधावरून परत येताना शेजारच्या रानातली मल्चिंगच्या प्लास्टिकची सुटलेली पट्टी मागून फडफडली. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर आणि शेपटीच्या थेट मागे आंधळी जागा असते. आवाज नेमका तिथून आला. बानू उजवीकडे उडाली, मी डावीकडे पडले आणि डावा पाय रिकिबीतच राहिला.

पडण्याचं मला अजूनही फार वाटत नाही. ओढत गेले, त्याचं वाटतं. तुरीच्या तासातून, डोक्याशेजारी मागचे खूर. अण्णांनी दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलं, बावीस पावलं. शेवटी बूटच निघाला म्हणून सुटले. हासळीचं हाड मोडलं, घोटा काळानिळा झाला, सहा आठवडे हात गळ्यात. हेल्मेट डोक्यावर होतं म्हणून आज हे लिहिते आहे. ते मी फेकून दिलं, कारण आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत काम करत नाही, वरून कितीही चांगलं दिसो.

हात बरा झाला, पण बसणं होईना. मी रोज खरारा करायची, चंदी द्यायची, खूर साफ करायची. घोडीला मी घाबरत नव्हते, हे घरात कुणाला पटवून देता आलं नाही. खोगीर उचलताना दोन रिकिबी एकमेकींवर वाजल्या की पोटात गोळा यायचा. पडल्यावर लगेच परत बसावं, नाहीतर भीती घर करते, असं येणारा प्रत्येक जण सांगायचा. हा सल्ला देणाऱ्यांनी हाड मोडलेल्या माणसानं कसं बसायचं तेही सांगावं. आणि माझी भीती उगाच नव्हती. ज्या लोखंडानं बावीस पावलं सोडलं नाही त्यात पाय घालायला पाय तयार नव्हता, आणि पायाचं बरोबर होतं. धाडस गोळा करण्यापेक्षा ते लोखंड बदलावं, एवढाच विचार करून दसऱ्याच्या सुमारास मी ही जोडी मागवली.

पहिल्या पाच महिन्यांसाठी मी हिला पाचपैकी पाच देते. सुरुवातीचे दहा दिवस मी घोडी चालवलीच नाही. अण्णा लगाम धरून उभे, मी ओट्यावरून बसायची, बूट रिकिबीत घालायची आणि मुद्दाम बाहेरच्या अंगाला जोरात ओढायची. टप्प आवाज करून कडी सुटायची. परत लावायची, परत सोडवायची. डावीकडून दहा वेळा, उजवीकडून दहा वेळा. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, “अगं, रबर खराब करायलीस का बसायलीस?” तिसऱ्या दिवसापासून तेच मोजायला लागले. त्यानंतर दोन्ही पाय काढून, पुढं वाकून, एका झटक्यात खाली उतरायची सवय केली, आधी उभ्या घोडीवरून, मग चालत्या. संक्रांतीपर्यंत मी बांधापर्यंत कदमनं, म्हणजे साध्या चालीनं, जाऊन येत होते. होळीला दुडकी, म्हणजे हलकी धाव.

या काळात कळलेली एक गोष्ट. स्वीडनमधला 2009 सालचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला. घोडा घेऊन चार वेळा ये-जा करायची, आणि चौथ्या वेळी बाजूला छत्री उघडणार, असं माणसांना आधी सांगितलं. छत्री उघडलीच नाही. तरी त्या वेळी माणसाच्या छातीचे ठोकेही वाढले आणि घोड्याच्याही. हे वाचल्यावर बानूचं ऑक्टोबरमधलं वागणं उलगडलं. मी पाय टाकताना श्वास धरायची आणि ती मान वर करून कान मागं न्यायची. मी तिला अडेल ठरवलं होतं. कडीचा भरवसा वाटायला लागल्यावर माझा श्वास मोकळा झाला आणि तिची मानही खाली आली. फुरफुरून ओठ चाटायची. रिकिबीनं घोडी सुधारली असं कुणी म्हटलं तर हसतील, पण झालं ते असंच.

मग एप्रिल आला आणि रबर.

विकणाऱ्याचं पहिलं उत्तर: रबर हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. मी विचारलं, झिजणारा भाग आहे तर डब्यात एकही जास्तीचं का नाही, आणि किती महिन्यांनी बदलायचं ते कुठंच का लिहिलं नाही? उत्तर नाही. दुसऱ्या मेलला फोटो मागितले. फोटो पाठवले. मग बिल मागितलं, जे त्यांच्याच वेबसाइटवर होतं. तीन आठवडे गेले. शेवटी एक कडी आली, तीही लहान मापाची, आकड्यावर चढेना. चार कड्यांचं पाकीट विकत घ्यायचं तर 160 रुपये आणि कुरिअर 120. पैशाचा प्रश्न नव्हता असं मी म्हणणार नाही, होता. चाळीस रुपयांच्या रबराला 120 चं कुरिअर मला सहन होत नाही. पण राग खरा दुसऱ्याच गोष्टीचा होता. माणूस हा जिन्नस अडचणीच्या वेळेसाठी घेतो. तो केव्हा निकामी होतो हे विकणाऱ्यानं लपवू नये.

हट्टानं मी पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे कापून आणले. बसले झकास, दिसायलाही बरे, फुकट. इथं नीट वाचा, कारण बऱ्याच जणांनी हाच उपाय सांगितला होता. पट्टे लावून मी नेहमीसारखी ओढ दिली. सुटेना. दुप्पट जोर लावला. ट्यूब ताणली, लांब झाली, पण आकडा सोडला नाही. मूळ कडी ठरावीक ओढीला घसरून निघते, ट्यूब नुसती ताणत राहते. म्हणजे पायात परत तेच लोखंड, वर रबराचा मुलामा. त्या संध्याकाळी मला ऑगस्टसारखा घाम फुटला. मुकाट्यानं 280 रुपये भरले.

रबर मेलं कशानं, तेही शोधलं. कडी कायम ताणलेली असते. ताणलेल्या रबराला ऊन आणि हवेतला ओझोन लवकर खातात, भेगा नेहमी ताणाच्या जागी पडतात. माझं खोगीर पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मे मध्ये बाहेरच चाळिशी पार, पत्र्याखाली विचारू नका. आता उतरलं की कड्या काढून टाल्कम पावडर लावून डब्यात, घरात. नव्या कडीवर अजून एक रेघ नाही. हा दोन वाक्यांचा कागद डब्यात टाकला असता तर माझा एप्रिल-मे वाया गेला नसता.

मे महिन्यातच मत आणखी बदललं. पलीकडच्या गावात लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमधून निवृत्त झालेले एक मामा राहतात. बानूचा पाय हाताला गरम लागला म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पाय बघितला, मग खोगिराचा चामडी पदर उचलून रिकिबीचा चामडी पट्टा जिथं अडकतो ती पोलादी पट्टी बघितली आणि मला जवळ बोलावलं. तिच्या टोकाला एक खिट्टी असते. ती वर उचललेली होती, आणि गंजून तशीच बसलेली.

“पोरी, ही खिट्टी वर करून बसायलीस व्हय? खाली पाहिजे ही, कायम. पाय अडकला की चामडं मागं सरकून निघालं पाहिजे.”

खोगीर कानपुरी, जुनं, अण्णांनी दुसऱ्याकडून घेतलेलं. इतकी वर्षं कुणी तिकडं बघितलं नव्हतं. मी दोन दिवस रॉकेल सोडलं, तारेच्या ब्रशनं घासलं, तिसऱ्या दिवशी खिट्टी कट्ट करून खाली आली. पट्टा मागं ओढला, रिकिबीसकट हातात आला. मी ती रिकीब हातात धरून शेडमध्ये किती वेळ बसले होते सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये ही खिट्टी खाली असती तर बावीस पावलं झाली नसती, निदान माझी तशी खात्री आहे. सोबत बुटाची टाच. तेव्हा माझ्या पायात सपाट तळाचे बूट होते, पाय आरपार घुसला. निदान इंचभर टाच हवी, आणि रिकीब बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद. तेव्हा ही रिकीब घेण्याआधी आपल्या खोगिराची खिट्टी बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

मग रिकिबीचे गुण कमी करू का, या विचारात जून उजाडला. मृगाचा पहिला मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. ओढ्याच्या उतारावर बानूचा मागचा पाय चिखलात सरला, ती बसकण मारून उठली आणि मी डाव्या खांद्यावरून खाली. टाच अडकली. मला ती अडकल्याचं कळलं, इतकं स्वच्छ कळलं की पोटऱ्या आवळल्या. आणि टप्प. पाय चिखलात, लगाम हातात, बानू दोन पावलांवर उभी, कान माझ्याकडे. खिट्टीचं काम पडलंच नाही, त्याआधीच कडी सुटली होती. मी उठले, तिच्या मानेला हात लावला. हात थरथरत नव्हता. थरथर रात्री जेवताना आली, भाकरी मोडता येईना, अण्णांनी मोडून दिली. सकाळी मात्र मी स्वतः खोगीर चढवलं.

सुटलेली कडी चिखलात गेली होती. जीभ फाटलेली असल्यामुळे ती लटकून राहिली नाही. अर्धा तास शोधून काढली, धुतली. मात्र परत लावली नाही. एकदा झटका खाल्लेलं रबर, चाळीस रुपयांसाठी नको.

आता मी कुणाला सांगेन आणि कुणाला नाही. बहुतेक बनवणारे ही रिकीब मुलांसाठी आणि हलक्या स्वारांसाठीच सांगतात, कारण बाहेरून दांडी नसल्यानं सगळं वजन एकाच दांडीवर येतं. माझं वजन 58 किलो. कारागिराचा गुण्या लावून बघितला तर डाव्या रिकिबीचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित झुकलाय. म्हणून मी तिच्यावर पाय देऊन चढत नाही, ओट्यावरूनच बसते. जड माणसानं बाहेरची दांडी पुढं वाकवलेली, बिनरबराची रिकीब घ्यावी. महाग आहे, पण रबराची कटकट नाही. मीही पुढच्या खेपेला तीच घेईन.

सध्या चार देते. एक गुण रबरासाठी कापला आणि विकणाऱ्यानं डब्यात दोन कड्या टाकायला सुरुवात केली तर परत देईन. ही जोडी नंतर मुलीला द्यायची असं ठरवलं होतं, ती 31 किलोची, तिच्यासाठी हीच योग्य. परवा तिचा बूट घालून बघितला. साडेचार इंची रिकीब, दोन्ही बाजूंनी एवढी फट की पाय सरळ आत जातो. तिला चार इंची लागणार. म्हणजे परत 1,850, आणि या वेळी कड्यांचं पाकीट सोबतच मागवणार आहे, कुरिअर एकदाच पडेल.