प्रभुभोजनाचे सीलबंद प्याले: सांगलीतील आमच्या मंडळीचा अनुभव

सांगलीतील आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, तयारी माझ्याकडे असते. गेल्या महिन्यात आम्ही सीलबंद प्याल्यांची १०० नगांची पेटी मागवली. वरच्या पातळ पापुद्र्याखाली भाकरीच्या जागी पांढरी गोल चकती, तिच्याखाली दुसरे झाकण आणि मग घोटभर द्राक्षरस, अशी त्यांची रचना आहे. माल स्वच्छ आहे, एकही प्याला गळका निघाला नाही आणि आदल्या रात्रीचे गाळणे, भरणे, धुणे वाचले.

तरीही उपासनेसाठी ते मला पटले नाहीत. त्या रविवारी एका तरुणीचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने मंडळीत प्रवेश देण्याचा विधी, झाला. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे, असा बाप्तिस्म्याचा अर्थ प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्रात सांगतो, म्हणून तो आयुष्यात एकदाच होतो; प्रभुभोजनाच्या मेजाजवळ मात्र आपण पुन्हा पुन्हा येतो, कारण 'माझ्या स्मरणार्थ हे करा' ही प्रभूची आज्ञा आहे. कपाळावरचे केस अजून ओले असताना ती प्रथमच मेजाजवळ आली, तेव्हा तिच्या हाती पडली ती कारखान्यात कापलेली सुटी चकती. पाळकांनी भाकर मोडण्याची वचने वाचली, पण मोडायला भाकरच नव्हती. भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असे करिंथकरांस पहिल्या पत्रात म्हटले आहे. प्रत्येकाला वेगळी चकती दिल्यावर ते डोळ्यांना कुठे दिसणार? शांत प्रार्थनेच्या वेळी चहूकडून झाकणे फाडल्याचा आवाज येत राहिला. माझ्या शेजारच्या आजींना नखाने पापुद्रा सुटेना, आणि सुटला तेव्हा रस त्यांच्या पांढऱ्या साडीवर सांडला.

रसही फार गोड आहे. तासगावची काळी द्राक्षे हंगामात उकळून आम्ही जो रस गाळतो, त्याची किंचित तुरट चव त्यात नाही.

रुग्णालयात किंवा अंथरुणाला खिळलेल्या सभासदांकडे नेण्यासाठी मात्र हे प्याले सोयीचे आहेत. मिरजेला दोन आजाऱ्यांना आम्ही तेच दिले. तिथेही रविवारच्या भाकरीचा तुकडा सोबत न्यावा, असे मी सुचवीन. उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे सेवक तीच भाकर पोहोचवीत, असे दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे.

उरलेले प्याले आम्ही आजाऱ्यांसाठी ठेवले आहेत. येत्या प्रभुभोजनासाठी बेकरीत एकच मोठा, न कापलेला पाव सांगून ठेवला आहे.