सुपरचार्ज्ड मस्टँगचे नकली फ्युएल पंप: माझे ८,१५० डॉलर कसे गेले

८,१५० डॉलर. त्यातले फ्युएल पंपांच्या (टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पुरवणाऱ्या पंपांच्या) पॅकेजचे फक्त ५८५, बाकीचे सगळे त्या पंपांनी गिळले. लिहायची लाज वाटते आहे, पण न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत आपली बरीच मराठी मुलं जुन्या मस्टँग आणि कॅमॅरो घेऊन घरच्या गॅरेजमध्ये काम करायला लागली आहेत, म्हणून लिहितोय. बाजारात नकली पार्ट असतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. नेमकं ते माहीत असलेल्यालाच कसं गाठतात, ते वाचा.

माझी गाडी २००३ ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा, जिला सगळे टर्मिनेटर म्हणतात. ४.६ लिटरचं व्ही-८, वर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर, कारखान्यातूनच ३९० हॉर्सपॉवर. फोर्डने आत फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि मॅन्लीचे कनेक्टिंग रॉड दिलेले, म्हणून या इंजिनाचा बूस्ट (सुपरचार्जर आत ढकलतो त्या हवेचा जादा दाब) लोक बिनधास्त वाढवतात. मीही सुपरचार्जरवर २.७६ इंची छोटी पुली चढवली. बूस्ट ८ पीएसआयवरून १२ च्या आसपास गेला.

तिथून पुढे पेट्रोलचा हिशेब सुरू होतो. सुपरचार्ज्ड इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ ते ०.६५ पौंड पेट्रोल लागतं. क्रँकवर (म्हणजे चाकांपर्यंत पोचण्याआधी, थेट इंजिनाच्या दांड्यावर) ५२० हॉर्सपॉवर धरले तर तासाला जवळपास २०० लिटर. शिवाय रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब बूस्टपेक्षा ३९ पीएसआय जास्त ठेवावा लागतो, म्हणजे १२ पीएसआय बूस्टला पंपाने ५१ पीएसआयच्या विरोधात ढकलायचं. दाब वाढला की कुठल्याही पंपाचा पुरवठा घटतो. म्हणून टाकीतले मूळचे दोन पंप काढून दोन वॉल्ब्रो २५५ (वॉल्ब्रो कंपनीचे, तासाला २५५ लिटरचे) बसवायचे, ही या गाडीची ठरलेली वाट आहे. मी काही जगावेगळं करायला गेलो नव्हतो.

विकणारा खरेदी-विक्रीच्या ग्रुपमधला. त्याचं म्हणणं असं की त्याने स्वतःची कोब्रा विकली आणि सामान उरलंय: दोन नवे वॉल्ब्रो, जाड वायरिंग केलेलं पंपाचं हॅट (पंप धरणारं टाकीचं झाकण), आणि ६० पौंडी इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचा) सेट. सगळं मिळून ५८५. भाव पडेल नव्हता, हे लक्षात घ्या. 'स्वस्त दिसलं की भुलतात' असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी आधी हा आकडा बघावा. त्याने पंपांच्या खरेदीची पावती दाखवली होती, दुकानाचं नाव आणि पार्ट नंबर स्पष्ट, फक्त गिऱ्हाइकाचं नाव काळं केलेलं. ती पावती दुसऱ्याच कुणाची होती, त्याने फक्त फोटो उचलला होता. पावती दाखवली तर त्या दुकानाला फोन करून ऑर्डर नंबर सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानवाले सांगतात.

पैसे पाठवताना म्हणाला, 'मित्र-कुटुंब' मधून पाठव, नाहीतर १७ डॉलर फी कापली जाते. सगळ्या ग्रुपमध्ये सगळे असंच पाठवतात. पण त्या बटनाखाली पाठवलेल्या पैशाला खरेदीचं कोणतंही संरक्षण नसतं. अनोळखी माणसाने हा पर्याय मागितला की तिथेच बोलणं संपवा. फी तुम्ही भरा.

सामान आल्यावर मी डोळे मिटून बसवलं नाही. इंजेक्टर आधी फ्लो-टेस्टला, म्हणजे किती पेट्रोल सोडतात ते मोजायला, पाठवले. आठही अस्सल निघाले, आठही मापात. इथे त्याने मला बांधलं. अर्धं सामान खरं द्यायचं, तेही जे तपासून घेता येतं ते, आणि नकली माल असा द्यायचा जो टाकीच्या आत जाऊन बसतो. इंजेक्टर अस्सल निघाल्यावर त्याच खोक्यातल्या पंपांवर कोण संशय घेईल?

आणि तरीही एक क्षण होता. रोज रात्री तोच डोळ्यांपुढे येतो. या पिढीच्या मस्टँगमध्ये पंप बदलायला पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते. गाडी जॅक स्टँडवर, टाकी जमिनीवर, हात पेट्रोलने ओले. पहिला पंप उचलला आणि त्यावरचा पार्ट नंबर अंगठ्याला लागला. निळसर शाई. धातूवर कोरलेलं नव्हतं, नुसतं छापलेलं होतं आणि पेट्रोलने पुसलं गेलं. ज्या वस्तूने आयुष्यभर पेट्रोलमध्ये बुडून राहायचं तिच्यावरची शाई पेट्रोलने जाते! मी थांबलो. फोटो काढून त्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: 'नवीन लॉट आहे, मार्किंग बदललंय, मी स्वतः हेच वापरले.' आणि हे पटण्यासारखं होतं. वॉल्ब्रो कंपनी १९९९ मध्येच टीआय ग्रुपने घेतली, आज तेच पंप टीआय ऑटोमोटिव्हच्या नावाने विकले जातात, खोकी आणि लेबलं मधल्या काळात बदलली आहेत. ज्याला हे ठाऊक असतं तोच या उत्तरावर विश्वास ठेवतो. काही ठाऊक नसलेला कदाचित घाबरून थांबला असता.

शाई पुसली गेली तर पंप बसवू नका. विकणाऱ्याला विचारू नका. त्याच्याकडे उत्तर तयार असतं. अधिकृत वितरकाला फोटो पाठवा. मी पाठवला, पण इंजिन गेल्यावर. फोटो बघून 'हा आमचा नाही' एवढं कळायला एक ईमेल पुरला.

मग डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. तिथे इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुळणी करायचे, ट्यूनिंगचे, ५५० डॉलर. चाकांवर ४५२ हॉर्सपॉवर दिसले, सगळे खूश. लॉगमध्ये (कॉम्प्युटरच्या नोंदीत) पंपाची ड्यूटी सायकल, म्हणजे पंप किती जोरात चालवावा लागतोय तो आकडा, ४६ टक्के होती. या कोब्रात जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइन नाही. कॉम्प्युटर ड्रायव्हर मॉड्यूलमार्फत (पंपाची वीज सांभाळणाऱ्या डब्यामार्फत) पंप कमी-जास्त जोरात फिरवतो, आणि फोर्डच्या या लॉगमध्ये ५० टक्के म्हणजे पंप पूर्ण जोरात. म्हणजे दोन-दोन २५५ बसवूनही पंपांकडे काहीच शिल्लक नव्हतं. अस्सल पंप असते तर हा आकडा खूप खाली दिसायला हवा होता. मी ट्यूनरला विचारलं. तो म्हणाला, एअर-फ्युएल (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ११.५ आहे ना, मग काळजी नको. ज्याला मी या कामाचे पैसे दिले त्यानेच हे सांगितल्यावर मी आणखी काय करायचं होतं? तुमच्या लॉगमध्ये ४० च्या वर दिसलं तर वाद घाला, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी ट्रेलरवरून उतरवू नका.

न्यू जर्सीतली एंग्लिशटाउनची ड्रॅगस्ट्रिप (सरळ रेषेत शर्यतीची पट्टी) २०१८ मध्ये बंद झाली, अ‍ॅटको २०२३ मध्ये. त्यामुळे आता आमच्यासारख्यांना पट्टीवर जायचं तर लांबचा पल्ला, उन्हात, रहदारीत. टाकीतलं पेट्रोल तापलं, पंप तापले. पट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये ५,८०० आरपीएमला वाइडबँडचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा) काटा ११.५ वरून १३.६ वर गेला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. मी लगेच पाय काढला. तोवर आठव्या सिलिंडरमध्ये डेटोनेशन (पेट्रोलचा अवेळी स्फोट) होऊन गेलं होतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजताना) बाकीचे सात १७० पीएसआयच्या वर, आठवा ६०. रिंग लँड (पिस्टनवरची, रिंग धरणारी कड) तुटलेली, सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे. फोर्ज्ड पिस्टन असला तरी पेट्रोल कमी पडल्यावर तो वाचत नाही. टो ट्रकचे १६५, इंजिन पुन्हा बांधायचे ६,८५०. बेरीज तुम्हीच करा.

पंप बाहेर काढून मोजले. १३.५ व्होल्टवर, कसलाही दाब नसताना, पहिल्याने १५ सेकंदात ६०० मिलिलिटर दिलं, दुसऱ्याने ५२०. म्हणजे तासाला १४४ आणि १२५ लिटर. रेग्युलेटर लावून ५० पीएसआयला दोन्ही मिळून १७० लिटर, जिथे गरज २०० ची होती. अस्सल २५५ ने दाब नसताना १५ सेकंदात एक लिटरच्या पुढे जायलाच हवं. ही बादली-चाचणी पंप बसवण्याआधी करा. पण उघड्यावर करा, बॅटरीची जोडणी पेट्रोलपासून लांब ठेवा, अग्निशामक हाताशी असू द्या. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

आता दाद मागायची गोष्ट.

टाउनशिपच्या पोलिसांनी खिडकीतूनच सांगितलं की वस्तू मिळाली आहे, म्हणजे हा दिवाणी वाद. मी म्हटलं, वस्तू नकली आहे, पावती दुसऱ्याची आहे. अधिकाऱ्याने विचारलं, बसवली कुणी? मी स्वतः म्हटल्यावर त्याने पेनच खाली ठेवलं. जणू हाताने बोल्ट आवळला म्हणजे फसवणूक मान्य केली. राज्याच्या ग्राहक खात्याने लिहिलं की विकणारा व्यावसायिक नाही, खासगी व्यक्ती आहे, म्हणून आमच्या कक्षेत नाही. अरे, तोच माणूस दर आठवड्याला 'गाडी विकली, सामान उरलं' म्हणून तेच पंप विकतोय, हा व्यवसाय नाही तर काय? मी त्याच्या जुन्या जाहिराती जोडून पाठवल्या. उत्तर तेच, शब्द न् शब्द तेच. टपालातून झालेल्या फसवणुकीचा तपास करणारी शाखा म्हणाली, खोकं खासगी कुरिअरने आलं, आमच्या टपालाने नाही. केंद्र सरकारच्या वेबसाइटवर लांबलचक फॉर्म भरला, एक नंबर मिळाला, पुढे शांतता. पेमेंट अ‍ॅपने तर माणूस फोनवर येऊच दिला नाही. 'आपण हा व्यवहार वैयक्तिक म्हणून निवडला होता' हे वाक्य यंत्र पाठवत राहिलं. विम्याला इंजिनाचा यांत्रिक बिघाड चालत नाही. आणि ज्या ग्रुपमध्ये हे घडलं तिथे मी इशारा लिहिला, तर अ‍ॅडमिनने नियमाविरुद्ध म्हणून तो उडवला. विकणाऱ्याची जाहिरात मात्र नियमात बसत होती.

प्रत्येकाकडे दार होतं आणि प्रत्येकाने शेजारचं दार दाखवलं. लुटणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. रक्कम इतकी छोटी ठेवायची की कुणी हलणार नाही. नुकसान आठ हजारांचं असलं तरी कागदावर गुन्हा ५८५ चाच.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयाचं विचारणार असाल तर न्यू जर्सीत तिथली मर्यादा ५,००० डॉलर आहे. माझा आकडा त्यात बसत नाही, म्हणजे वरच्या विभागात जा, नाहीतर उरलेल्या रकमेवर पाणी सोडा. त्याहून मोठी अडचण म्हणजे समन्स बजावायला पत्ता लागतो. त्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातल्या भाड्याच्या टपालपेटीचा निघाला.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान बँकेने स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. कायदाच तसा आहे. म्हणून पंप नेहमी अधिकृत विक्रेत्याकडून, कार्डाने. वापरलेले किंवा 'उरलेले' पंप कधीच नाही, कितीही जवळच्या माणसाने सांगितलं तरी. ई-८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) जाणाऱ्यांनी तर जास्तच जपा, त्याला साधारण तीस टक्के जास्त इंधन लागतं, पंप कमी पडला तर इंजिन आणखी लवकर जाईल. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या भावाला किंवा मावशीला बॅगेतून पंप आणायला सांगणाऱ्यांनी ऑर्डर स्वतः करावी. त्यांच्या नावाने कुठल्यातरी ग्रुपमधून घ्यायला लावू नका. नकली निघाला तर परत पाठवायला तिथे कुणी नसेल, आणि नात्यात वाकडं येईल ते वेगळं.

इंजिन मशीन शॉपमध्ये आहे. नवे पंप या वेळी वितरकाकडून घेतले, दोघांची बादली-चाचणी केली, दोघे मापात आहेत.

त्या माणसाने नाव बदललं आहे. फोटो तेच आहेत: राखाडी गालिच्यावर दोन पंप शेजारी-शेजारी, उजव्या पंपाच्या खोक्याचा कोपरा फाटलेला, मागे पिवळी टेप, आणि गिऱ्हाइकाचं नाव काळं केलेली पावती. सोबत इंजेक्टर असतील आणि ते खरे असतील. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा आणि मला कळवा. त्याच माणसाच्या चार-पाच विक्री एकत्र मांडता आल्या तर 'खासगी व्यक्ती' म्हणून त्या खात्याला हात झटकता येणार नाहीत, आणि मी पुन्हा अर्ज करणार आहे.