गावतलावाचं सुशोभीकरण: काँक्रीटची भिंत की उताराचा काठ?

निधी मंजूर झाला की नकाशा येतो. चारही बाजूंनी काँक्रीटची भिंत, गट्टूंचा रस्ता, लॉन, मधे कारंजं. दुसरा पर्याय ग्रामसभेत फारसा कुणी मांडत नाही, कारण कागदावर तो देखणा दिसत नाही: काठ उताराचा ठेवायचा, बेशरम (काठावर माजणारं झुडूप) उपटायची, गाळ काढायचा आणि बांधकाम फक्त गावाच्या बाजूला करायचं.

भिंतीची बाजू अगदीच लंगडी नाही. पावसाळ्यात चिखल लागत नाही, म्हाताऱ्यांना फिरायला सपाट वाट मिळते, अतिक्रमणालाही चाप बसतो. पोलीस भरतीची पोरंही धावतील म्हणतात. पण त्यांना विचारा, गुडघ्यांना मातीची वाटच बरी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे मामा (माजी मालगुजारी) तलाव शोभेसाठी कधी बांधलेच नव्हते. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव धानाला पाणी देण्यासाठी होते. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, पण गावाचं त्यांच्यावरचं जगणं काही सुटलं नाही. ढोरं पाण्यात उतरतात, बाया कपडे धुतात, ढिवर जाळं टाकतात. उभी भिंत या तिघांचीही वाट अडवते. मासोळीचं तर जास्तच नुकसान. पहिल्या पावसात पाणी काठाच्या गवतात चढतं, तिथल्या उथळ पाण्यात मरळीसारखे मासे वाढतात. भिंत बांधली की ती जागाच उरत नाही. देवधान (रानटी भात), कमळ आणि त्यांच्या पानांवर घरटं करणारा कमळपक्षी, सगळेच जातात. वर लॉनला मे महिन्यात रोज पाणी पाजायचं. ते आणणार कुठून? त्याच तलावातून!

उताराच्या काठाचा खर्च कमी, पण मेहनत दरवर्षीची. बेशरम एकदा उपटून भागत नाही, तुकडा राहिला की पुन्हा फुटते. गाळ शेतकरी घेऊन जातील. २०१७ पासून त्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही आहे. फक्त जेसीबीवाल्याला सगळा तळ थाळीसारखा सपाट करू देऊ नका, काठालगतचा उथळ पट्टा तसाच राहू द्या. पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) वाळा किंवा दुसरं गवत लावा. मोठ्या झाडांची नवी लागवड पाळीपासून दूर करा. मेलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. सावलीसाठी जांभूळ, करंज, कहू (अर्जुन) आहेतच, गुलमोहराचा हट्ट कशाला?

माझं मत उताराच्या काठाकडे आहे. गावाकडून दगडी पायऱ्यांचा एक घाट (गणपती, भुजली विसर्जनाला तो लागतोच), पाळीवरून मुरमाची वाट, ढोरांसाठी वेगळा उतार, बाकीचा काठ मोकळा. लँडस्केप आर्किटेक्ट बोलावणार असाल तर मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर बोलवा, आणि सोबत ढिवर संस्थेचा एक माणूस नि गायकी (गुराखी) द्या. जिथे डांबरी रस्ता थेट पाण्याला लागून जातो किंवा शाळेचं फाटक तलावाकडे उघडतं, तेवढ्या लांबीत मात्र भिंत हवीच.